सुबाभूळ आणि बाभूळ: वर नको, बुडाशी बघा

परवा पोरांनी गावच्या माळाचा फोटो टाकला, "आपलं बाभळीचं बन काय वाढलंय!" म्हणून. वाढलंय हे खरंच, पण ती बाभूळ नव्हे, सुबाभूळ आहे, आणि खटाव-माणपासून पार आटपाडी-जतपर्यंत हा घोटाळा होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओळखायला सोपं आहे. बाभळीला पानाच्या बुडाशी पांढऱ्या काट्यांची जोडी, फुलाचा गोंडा पिवळा, शेंग करडी आणि दर दोन बियांच्या मधे आवळलेली, मणी ओवल्यासारखी. सुबाभळीला काटाच नाही, गोंडा पांढरट, शेंग चपटी तपकिरी, झुबक्यानं लोंबते आणि वाळली की वाऱ्यावर खुळखुळते. वेडी बाभूळ ही तिसरीच, ती काटेरी आहे पण तिचा तुरा लांबट असतो.

खरा फरक झाडाखाली बसल्यावर कळतो. बाभळीची सावली विरळ, ऊन चाळणीतून आल्यासारखं खाली येतं, म्हणून तिच्याखाली कुसळी, पवन्या, मारवेल असलं गवत टिकतं, शेजारी बोर, हिवर, तरवड नांदतात, एखाद्या फांदीवर गुळवेल चढलेली असते.

सुबाभळीच्या दाट बनात मी ऑगस्टमधे गेलो होतो, वाकून हातानं पाला बाजूला सारला तर खाली सगळी तिचीच रोपं, मेथीच्या वाफ्यासारखी दाट, बोट ठेवायला जागा नाही आणि गवताची काडी शोधून सापडंना. कडेला जिथं ऊन पडतं तिथं घाणेरी आणि गाजरगवत, म्हणजे तिथंही बाहेरचंच. असं का होतं तर एका शेंगेत 15-20 बिया, झाड जवळपास वर्षभर फुलतं, एकटं असलं तरी स्वतःच्याच परागावर बी धरतं, आणि बीचं कवच इतकं टणक की ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. खालच्या देशी रोपाला ऊन मिळायच्या आत हिचीच पुढची पिढी वर आलेली असते. पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पाला जास्त खाल्ला तर घोड्याच्या आयाळीचे केस झडतात.

झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेचं. चारा आणि जळणासाठी ते आपल्याकडं मुद्दाम लावलं गेलं, त्यानं दुष्काळात शेळ्या जगवल्या, हे मी विसरलेलो नाही. बांधावर छाटून ठेवलेली सुबाभूळ मला खुपत नाही, मोकळ्या माळावर सोडलेली खुपते. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, जगातल्या 100 सगळ्यात घातक उपऱ्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

"दोन्ही झाडं हवेतलं नत्र मातीत धरतात, मग फरक काय" असं कुणीतरी म्हणतंच. धरतात, पण त्या नत्रावर तिथं वाढतंय कोण ते बघा ना. आणि दोष झाडाच्या जातीचा नाही, जागेचा आहे, कारण आपली हीच बाभूळ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गवताळ रानात माजलीय आणि तिथले लोक तिच्यामुळं हैराण आहेत.

नुसती तोडून सुबाभूळ जात नाही, खोडाला चहूबाजूनं धुमारे फुटतात आणि दोन वर्षांत बन आधीपेक्षा दाट होतं. रोप वीतभर असताना, पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटायचं, मोठ्या झाडाच्या शेंगा वाळून तडकायच्या आत काढून जाळायच्या, आणि मातीतलं जुनं बी उगवत राहतं म्हणून पुढची काही वर्षं दर पावसाळ्यात त्याच जागी परत जायचं.