कोरीव व्यक्तिचित्रे: घेण्याआधी आणि फ्रेम करण्याआधी

सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या सरदार-मंत्र्यांची कोरीव, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली व्यक्तिचित्रे आमच्याकडे विक्रीला आणि फ्रेमला येतात. त्यांत राखाडी रंग कुठेच नसतो. गालावरची मऊ सावली असो की चिलखताची चकाकी, सगळे काम काळ्या रेषेची जाडी आणि दोन रेषांमधले अंतर यांवर चालते. म्हणून चेहऱ्याआधी रेषा बघा. त्याला १० पटीचे भिंग पुरते.

तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन ही पोलादी कोरणी हलकी शिरते, मध्ये खोल जाते आणि हलकी सुटते. त्यामुळे रेषेची टोके निमुळती दिसतात. कोरणीऐवजी आम्लाने पत्रा खाऊन काढलेल्या रेषेचे टोक बहुधा बोथट असते. ठरावीक जाळीत बसवलेले ठिपके दिसले, तर ती आधुनिक छपाई समजा, मग किंमत काहीही सांगोत. कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असणे चांगलेच, पण तो नंतरही उठवता येतो. एवढ्यावर विसंबू नका.

रोबेर नांतय (१६२३–१६७८) या हातखंडा कोरक्याने कोरलेला चेहरा बघा. कपाळ आणि गाल बारीक तुटक रेघांनी व ठिपक्यांनी घडवलेले, केसांना लांब वळणदार रेषा, कापडाला एकमेकींना छेदणाऱ्या. त्याच काळातला दुसरा कोरक्या क्लोद मेलां मात्र रेषा छेदायचे टाळून एकाच रेषेची जाडी कमीजास्त करतो. १६४९ मध्ये त्याने ख्रिस्ताचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून फिरत जाणाऱ्या एकाच रेषेत उतरवला. कसब अफाट आहे, पण आमच्या मते माणूस वाचायचा तर नांतयच.

मांडणी बहुतेक ठरलेली: अंडाकृती चौकट, खाली चौथरा, त्यावर नाव, पदव्या आणि कुलचिन्ह. प्रकाश एका बाजूने, वरून. उजळ गालामागची पार्श्वभूमी अनेकदा गडद आणि सावलीतल्या गालामागची फिकी ठेवतात, म्हणजे डोके पुढे उठून येते. छापताना चित्र उलटते, हे कोरक्याला आधीच धरावे लागते. सॅं-एस्प्री या फ्रान्सच्या मानाच्या पदकाचा तारा डाव्या छातीवर असतो. तो उजव्या छातीवर दिसला, तर मूळ चित्र न उलटवता पत्र्यावर उतरवले असावे.

तांबे मऊ असते. प्रत्येक छापाला पत्रा पुसला आणि दाबला जातो, त्यात सर्वांत उथळ रेषा आधी झिजतात. म्हणून उशिराच्या छापात केस काळेभोर, पण गाल सपाट आणि पांढरट दिसतो. झिजलेला पत्रा पुन्हा कोरला असेल, तर चेहऱ्यावरच्या रेषा जाड आणि करकरीत होतात. असा छाप अस्सल पत्र्याचाच असतो, पण किंमत निम्मीसुद्धा देऊ नये.

फ्रेम करताना समास कापू देऊ नका. पत्र्याच्या दाबाची खूण आणि खालची अक्षरे त्यातच असतात. गोंद, सेलोटेप आणि गरम प्रेसने चिकटवणे वर्ज्य. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावाव्यात. हवा दमट झाली की कागद फुगतो, खालून मोकळा असला तर सुरकुतत नाही. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, अ‍ॅसिडमुक्त घ्या. काच कागदाला टेकू नये. निदान ३ मिमी अंतर हवे, नाहीतर पावसाळ्यात काचेवर जमलेले पाणी चित्रात उतरते आणि बुरशी धरते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. तांबूस डाग दिसले, तर घरी ब्लीच न लावता चित्र जसे आहे तसे आणा.