विंड शिअर: वैमानिकाच्या हाताला नवी सवय कशी लागली

पावसाळ्यात मुंबईला उतरणारं विमान धावपट्टीपाशी येऊन पुन्हा वर झेपावतं आणि आतल्यांच्या पोटात गोळा येतो. थोड्या वेळाने कॉकपिटमधून खुलासा होतो: विंड शिअर होता, पुन्हा प्रयत्न करतोय. थोडक्या अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा झटक्यात बदलली की त्याला विंड शिअर म्हणतात. आज असा गो-अराउंड हा नेहमीच्या कामाचा भाग आहे. पन्नास वर्षांपूर्वी मात्र, चांगला वैमानिक असल्या वाऱ्यातूनही विमान उतरवतोच, अशीच समजूत होती.

ती समजूत हलली २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर. दुपारी वादळ धावपट्टीच्या तोंडाशी आलं होतं. फ्लाइंग टायगर कंपनीचं एक मालवाहू विमान कसंबसं उतरलं. त्याच्या कॅप्टनने टॉवरला सांगितलं की जमिनीजवळ जबरदस्त विंड शिअर आहे, धावपट्टी बदला. टॉवरच्या वारामापकावर मात्र वारा साधारणच दिसत होता. पाठोपाठ आलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका विमानाने उतरणं सोडून दिलं. त्यानंतर काही विमानं सुखरूप उतरलीही. मग आली ईस्टर्नची फ्लाइट ६६, बोईंग ७२७. ते धावपट्टीच्या अलीकडेच दिव्यांच्या खांबांवर आदळलं आणि ११३ माणसं गेली. तोच मार्ग, तेच वादळ. एक वाचतो आणि पुढच्या काही मिनिटांत दुसरा मरतो, हे कोडं उलगडेना. ईस्टर्नने शिकागो विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ तेत्सुया ‘टेड’ फुजिता यांना गाठलं.

फुजितांचा पिंड घटनास्थळी जाऊन खुणा वाचणाऱ्याचा. ऑगस्ट १९४५ मध्ये ते जपानात कोकुरा शहराजवळ शिकवत होते. ९ ऑगस्टच्या अणुबॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं, पण तिथे खालचं काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढे फुजितांनी हिरोशिमा आणि नागासाकीची पाहणी केली. स्फोट वर हवेत झाला होता. जमिनीवरच्या नुकसानीच्या खुणा एका केंद्रातून चहूकडे पसरलेल्या होत्या. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत टोर्नेडोंचा (जमिनीला टेकून गरगरणाऱ्या वादळी भोवऱ्यांचा) मोठा तडाखा बसला, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियावरून विमानाने पाहणी करताना त्यांना जंगलात तशीच नक्षी दिसली. झाडं गोलगोल फिरून नव्हे, तर मधल्या एका बिंदूपासून बाहेरच्या दिशेने आडवी झाली होती. हे टोर्नेडोचं काम नव्हतं. वरून काहीतरी खाली आदळलं होतं.

फ्लाइट ६६ च्या नोंदी त्यांनी याच नजरेने वाचल्या. गडगडाटी ढगातून पडणारा पाऊस वाटेत बाष्प होऊन आजूबाजूची हवा गार करतो. ती जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूबाजूंना फाकते. फुजितांनी याला डाउनबर्स्ट म्हटलं, आणि चार किलोमीटरच्या आतल्या छोट्या प्रकाराला मायक्रोबर्स्ट. विमान त्यात शिरतं तेव्हा आधी समोरचा वारा वाढतो, हवेतला वेग वाढतो, विमान उचललं जातं. वैमानिक साहजिकच पॉवर कमी करतो. पुढच्याच क्षणी वरून मारा, मग पाठीमागून वारा. वेग झपकन कोसळतो आणि इंजिन तर आधीच मंद केलेलं. पहिला झटका मदतीसारखा वाटतो, हीच यातली खरी लबाडी.

अनेक हवामानतज्ज्ञांनी नाकं मुरडली. ढगातून वारा खाली येतो हे शिकागोच्याच होरेस बायर्स यांच्या प्रकल्पाने १९४०च्या दशकात दाखवलं होतं. फुजितांनी त्याला नवं नाव दिलं एवढंच, अशी टीका झाली. त्याला उत्तर डॉप्लर रडारनेच, म्हणजे हवेतल्या थेंबांच्या हालचालीवरून वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या रडारनेच, देता येणार होतं. १९७८ मध्ये शिकागोजवळ ४२ दिवसांत ५० मायक्रोबर्स्ट सापडले. १९८२ मध्ये डेन्व्हरला जॉन मॅकार्थी आणि जेम्स विल्सन यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात ८६ दिवसांत १८६! दुर्मिळ म्हणून बाजूला सारायची सोय उरली नाही. त्याच उन्हाळ्यात, ९ जुलैला, न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अॅमचं विमान उड्डाण करता करता कोसळलं आणि जमिनीवरच्या आठ जणांसह १५३ जण मेले. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला अँड्र्यूज हवाई तळावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान उतरल्यानंतर काही मिनिटांतच १३० नॉटहून (ताशी सुमारे २४० किलोमीटरहून) जास्त वेगाचा झोत नोंदला गेला. राजकारण्यांना विषय पटायला याहून मोठा पुरावा लागत नाही.

तरी पुन्हा एक मोठा अपघात झालाच. २ ऑगस्ट १९८५, डॅलस-फोर्ट वर्थ, डेल्टाची फ्लाइट १९१. पुढच्या ढगात वीज चमकतेय हे कॉकपिटमध्ये दिसलं होतं, वेग एकदम जाईल असा इशाराही कॅप्टनने दिला होता. म्हणजे माहिती होती. धावपट्टीभोवती वारामापकांचं जाळंही होतं, पण त्याचा इशारा विमान आदळून गेल्यावर आला. १३७ मृत्यू. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं वळण इथेच आहे. वाऱ्याचं शास्त्र कळलं होतं, पण ‘हे दिसलं तर आत शिरायचंच नाही’ हे हाताच्या सवयीत उतरलं नव्हतं.

ते काम १९८७ च्या प्रशिक्षण संचाने केलं. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामकाने, पैसे घातले. बोईंग, मॅकडॉनेल डग्लस, लॉकहीड, युनायटेड एअरलाइन्स आणि हवामानतज्ज्ञ एका टेबलाशी बसले. पहिला धडा टाळण्याचा. अडकलातच तर दुसरा: थ्रॉटल पूर्ण पुढे (म्हणजे इंजिनची सगळी पॉवर), नाक साधारण १५ अंश वर, आणि वेग मिळवण्यासाठी नाक खाली घालायचं नाही. स्टिक शेकर (वेग धोकादायक कमी झाला की वैमानिकाच्या हातातला दांडा हलवून इशारा देणारं यंत्र) थरथरू लागला तर नाक तेवढंच आवरायचं, त्याहून खाली नाही. वेग घसरला की नाक खाली, हे वैमानिक पहिल्या धड्यापासून घोटत आलेले. ते मोडायला सिम्युलेटरमध्ये खऱ्या वाऱ्यांवर बेतलेली मॉडेल्स घालून पुन्हापुन्हा अडकवावं लागलं.

लगेच परीक्षाही झाली. ११ जुलै १९८८ ला डेन्व्हरमध्ये नव्या रडारची चाचणी चालू असताना युनायटेडची विमानं एकामागोमाग एक मायक्रोबर्स्टच्या तोंडाशी आली. एक तर जमिनीपासून १०० फुटांच्या आत खाली आलं होतं. सगळी परत वर गेली, कुणाला खरचटलंही नाही. पुढे विमानतळांवर खास डॉप्लर रडार आली आणि नासाच्या बोईंग ७३७ वरच्या प्रयोगांतून पुढचा वारा आधीच ओळखणारी विमानातली रडारंही. २ जुलै १९९४ ला शार्लटमध्ये यूएसएअरचं डीसी-९ कोसळून ३७ जण गेले. तिथल्या रडारचं काम जागेच्या प्रश्नामुळे रखडलं होतं. त्यानंतर अमेरिकेत मायक्रोबर्स्टने मोठं प्रवासी विमान पाडलेलं नाही.

आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालय, विमान कंपन्यांकडून पावसाळी हवामानातल्या उड्डाणांचं वेगळं प्रशिक्षण करून घेतं. हवामान खात्याच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण पुण्यात होतं. मोठ्या विमानतळाचा नेहमीचा हवामान अहवाल अर्ध्या तासाने निघतो, आणि मायक्रोबर्स्ट बहुधा पंधरा मिनिटांच्या आत जन्मून संपतो. म्हणून नुकत्याच उतरलेल्या वैमानिकाने रेडिओवर दिलेली खबर आजही मोलाची. केनेडीला ती दिली गेली होती, ऐकली गेली नव्हती.

शेजारचं उदाहरण २० एप्रिल २०१२ चं. कराचीहून निघालेलं भोजा एअरचं बोईंग ७३७ इस्लामाबादजवळ वादळात शिरलं आणि विमानातले सर्व १२७ जण मेले. वादळ समोर असताना पुढे जात राहणं चुकीचं होतं आणि वैमानिकांना त्या जातीच्या विमानाच्या ऑटोमेशनचं पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, असं चौकशी अहवालाने नोंदवलं. तो १९८७ चा संच निघून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.