जुन्या ट्रकचा हेडलाइट अन् 'मोठा बल्ब टाक' वाली गोष्ट

वरुड-मोर्शीकडून रात्री संत्रा घेऊन निघणाऱ्या कोण्याही जुन्या ट्रकवाल्याले सांगा का उजेड कमी पडते, तो म्हणन जास्त वॉटचा बल्ब टाक नाहीतर पांढरा एलईडी. काहून बाप्पा? २४ व्होल्टच्या गाडीत ७५/७० वॉटचा साधा एच४ (एकाच बल्बात हाय-लो दोन्ही उजेड देणारा हॅलोजन बल्ब) पुरते, पण त्याले व्होल्टेज भेटतच नाही ना! जुनी बारीक वायर, घासलेला स्विच, गंजलेली अर्थिंग, यातच सगळं मरते, अन् हॅलोजनचं असं का व्होल्टेज १० टक्के घसरला तर उजेड जवळपास ३० टक्के जाते. मोठ्या बल्बनं त्याच वायरीत करंट वाढते, व्होल्टेज अजून पडते, होल्डर वितळते ते वेगळंच.

इंजिन अन् लाइट चालू ठेवून मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आधी बॅटरीवर लावा, मग बल्बच्या पिनांवर. दोन व्होल्टचा फरक दिसला तर दुखणं वायरिंगचं. २४ व्होल्टचा रिले (स्विचच्या थोड्याशा करंटवर बल्बले थेट बॅटरीचा करंट जोडणारा डबा) टाका, बॅटरीपासून फ्यूजसकट जाड वायर ओढा. रिफ्लेक्टर काळा पडला असन तर बदला. अन् एलईडी? रिफ्लेक्टर बनते फिलामेंटच्या जागेच्या हिशोबानं, एलईडीचा उजेड भलतीकडेच फाकते, समोरच्याच्या डोळ्यात जाते अन् आपला खड्डा तसाच अंधारात.