पूर ओसरल्यावर मुलं काय खेळतात

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि माढा, मोहोळ भागातली कितीतरी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी शाळांमध्ये येऊन राहिली. अशाच एका शाळेच्या व्हरांड्यात पाच-सहा वर्षांचा पोरगा चिखलाची घरं करायचा आणि तांब्याभर पाणी ओतून ती वाहवून टाकायचा. पुन्हा घरं, पुन्हा पाणी. आजी कातावली, "बास कर की आता! तेच तेच काय खेळतोस?"

आजीचं चुकलं असं नाही, तिचंही घर गेलं होतं. पण त्या खेळात पाणी पोराच्या हुकमात होतं. जे अंगावर आलं ते मूल असं हाताच्या मापाचं करून बघतं. खेळात हळूहळू कुणी वाचू लागलं, घर पुन्हा उभं राहू लागलं, की मूल सावरतंय म्हणावं. महिना उलटूनही खेळ तसाच राहिला आणि खेळून मूल आणखी घाबरू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

भीती वाटली की मेंदूच्या इशाऱ्यावर रक्तात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, झोप उडते. धोका टळल्यावर ती उतरायला हवीत. पण रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की शरीर पुन्हा सावध होतं. मग सुटलेली सवय परत येते आणि सातव्या वर्षी अंथरूण ओलं होतं. अशा वेळी पोराला रागावू नये.

कॉर्टिसॉल खाली यायला मदत होते ती जवळच्या माणसाची. १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीनं ब्रिटननं आठ लाखांवर शाळकरी मुलं शहरांबाहेर धाडली. पुढं लंडनमध्ये युद्धातल्या मुलांसाठी बालगृहं चालवताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघींना दिसलं, की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त खचवतं. म्हणून छावणीत आधी घरची माणसं एकत्र ठेवावीत. मग जेवणाची, झोपेची, खेळाची वेळ रोज तीच असावी.

२०२४ अखेर जगात १२ कोटींहून जास्त माणसं बळजबरीनं घराबाहेर पडलेली होती, त्यातली सुमारे ४० टक्के मुलं. आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतली लेकरंही दर हंगामात शाळा-घर सोडतात. त्यांच्याकडं कुणी या नजरेनं बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मदत घेऊन जाणाऱ्यांना कळकळीची विनंती. मोबाईल समोर धरून "पाणी आलं तेव्हा काय झालं, सांग बाळा" असं विचारू नका. ते स्वतःहून बोललं, तर खाली बसून ऐका.