रिमफायर नेमबाजीतील वातविचलन

वातविचलन : नळीतून सुटलेली गोळी आडव्या वाऱ्यामुळे नेमाच्या रेषेपासून ढळणे. पॉइंट टू-टू लाँग रायफल या रिमफायर (तळाच्या कडेवर आघात झाल्यावर उडणाऱ्या) काडतुसाच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. हे काडतूस बहुधा १८८७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने प्रचारात आणले. स्पर्धेत वापरली जाणारी त्याची शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३२५ मी. वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित हळू, सुटते.

वारा गोळीला नुसते बाजूला ढकलतो, ही समजूत अपुरी आहे. फिरती गोळी समोरून येणाऱ्या सापेक्ष वाऱ्याकडे टोक वळवते. त्यामुळे हवेचा रोध तिरपा होऊन तिला बाजूला ओढतो. १९व्या शतकाच्या मध्यास होऊन गेलेले फ्रेंच तोफशास्त्रज्ञ दिदियों यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे विचलन म्हणजे आडव्या वाऱ्याचा वेग गुणिले गोळीला झालेला ‘उशीर’. प्रत्यक्ष प्रवासकाळातून निर्वातातील प्रवासकाळ वजा केला की हा उशीर मिळतो. ५० मी. अंतरावर तो सेकंदाचे सात-आठ हजारांश भरतो. म्हणजे सेकंदाला १ मी. वेगाच्या आडव्या वाऱ्यात गोळी साधारण ७ मिमी. सरकते. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी. व्यासाचे असून पुढची वर्तुळे ८ मिमी. अंतराने असल्याने, गालाला जेमतेम जाणवणारी झुळूकही जवळपास एक गुण हिरावू शकते. अंतर दुप्पट झाले की विचलन सुमारे चौपट होते. वेगवान काडतुसे या कामी उपयोगी पडतील असे वाटते, पण ध्वनीपेक्षा जास्त वेगाने सुटणारी गोळी ध्वनिवेगाजवळच्या तीव्र रोधात सापडते. तिचा प्रवासकाळ कमी असला तरी उशीर वाढतो, आणि १०० मी. वर ती संथ गोळीपेक्षा जास्त ढळते.

विचलन केवळ आडवे नसते. उजव्या पिळाच्या (मागून पाहता गोळीला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवणाऱ्या) नळीतून सुटलेली गोळी उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात डावीकडे व थोडी वर, तर डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे व थोडी खाली लागते. घड्याळाच्या भाषेत हा दहा ते चारचा कल होय. काही जुन्या लेखनात त्याचे श्रेय मॅग्नस परिणामाला (फिरत्या वस्तूवर वाऱ्यामुळे येणाऱ्या काटकोनी बलाला) दिलेले आढळते. पण उजव्या पिळाच्या गोळीवर उजव्या वाऱ्यात मॅग्नस बल खालच्या दिशेने येते, निरीक्षणाच्या नेमके उलट. त्यामुळे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते : नळीबाहेर पडताच टोक वाऱ्याकडे वळताना गोळी भोवऱ्याप्रमाणे डुलते आणि त्या क्षणिक डुलण्यात तिला काटकोनी दिशेने धक्का बसतो. तो धक्का नळीच्या तोंडाशीच बसत असल्याने त्याचा परिणाम अंतराच्या प्रमाणात वाढतो, वर्गाच्या प्रमाणात नव्हे.

उपाय याच गणितातून निघतात. वारा सर्वत्र सारखा नसतो, आणि नेमबाजाजवळचा वारा अधिक मोलाचा असतो, कारण तेथे मिळालेला कोन पुढे वाढत जातो; पहिल्या निम्म्या टप्प्यातील वाऱ्याचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मी. रेंजवर १० व ३० मी. अंतरावर झेंडे असतात. खासगी वातदर्शक लावण्यास मनाई आहे. दुर्बिणीतून दिसणारी मिराजची (तापलेल्या हवेच्या थरथरीची) लहर झेंड्यांना पूरक ठरते. नेमबाज एक ठरावीक वारा निवडून त्यावर साइट (नेम धरण्याचे साधन) बसवतो, तसाच वारा परत येईपर्यंत थांबतो आणि मगच ट्रिगर दाबतो. लहान बदलासाठी साइटचे क्लिक (सूक्ष्म बदलाचे टप्पे) फिरवण्याऐवजी नेमबिंदूच बाजूला धरण्याची पद्धतही आहे, मात्र तिला सराव फार लागतो. काडतुसांची तुकडी (एकाच वेळी तयार झालेला गट) आपल्या नळीशी जुळते का, हे वारा नसलेल्या बंदिस्त जागी आधीच तपासावे. नाहीतर काडतुसाचा दोष वाऱ्याच्या नावावर जातो.

महाराष्ट्रात या प्रकाराची परंपरा कोल्हापूरमध्ये ठळक आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजी) ६०० पैकी ५९७ गुणांनी जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे व उभे राहून) प्रकारात ब्राँझपदक पटकावले.