रोजच्या जगण्यातलं तत्त्वज्ञान: ही भानगड सुरू कुठून झाली?

हल्ली सकाळी मोबाईल उघडला की कुठल्यातरी रोमन बादशहाचं एक वाक्य समोर येतं, मागे डोंगर, उगवता सूर्य, आणि निम्म्या वेळा ते वाक्य त्या बिचाऱ्याचं नसतंच. दुसऱ्या बाजूने तक्रारही ठरलेली, की एवढं खोल तत्त्वज्ञान आणि या लोकांनी त्याचं टाइम मॅनेजमेंट करून टाकलं, ध्यानाची स्ट्रेसवरची गोळी करून टाकली वगैरे. मला दोन्हीचा कंटाळा आलाय. पण तक्रारवाल्यांचं एक गृहीतक मला मुळातच चुकीचं वाटतं, म्हणून हे लिहायला बसलो. त्यांना वाटतं आधी शुद्ध तत्त्वज्ञान होतं आणि मग कोणीतरी त्यात पाणी घालून ते रोजच्या वापराचं केलं. जुना इतिहास बघायला गेलं तर प्रकार बराचसा उलटा दिसतो, वापर आधीपासूनच होता, ते कॉलेजात आणि ग्रंथात जाऊन बसलं ते नंतर.

ग्रीसपासून सुरू करू. झेनो नावाचा सायप्रसचा एक व्यापारी होता, त्याची गोष्ट अशी सांगतात की जहाज बुडालं, माल गेला, आणि हा अथेन्समध्ये एका पुस्तकवाल्याकडे जाऊन बसला. तिथे सॉक्रेटिसबद्दल काहीतरी वाचन चाललं होतं, ते ऐकून याने विचारलं की अशी माणसं भेटतात कुठे, तेवढ्यात क्रेटीस नावाचा एक फकिरी वृत्तीचा तत्त्वज्ञ समोरून चालला होता, पुस्तकवाला म्हणाला, जा त्याच्या मागे. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण तिच्यात प्रश्न बघा कुठला आहे, विश्व कशाचं बनलंय हा नाही, अशी माणसं कुठे भेटतात हा. पुढे इ.स.पू. 300 च्या सुमारास झेनो बाजाराजवळच्या एका खांबांच्या ओसरीत शिकवायला लागला. ग्रीकमध्ये तिला स्टोआ म्हणतात, म्हणून ते स्टोइक, म्हणजे शब्दशः ओसरीवाले! त्याच काळात त्याच गावात एपिक्युरस एका बागेत शिकवत होता, तिथे बायका यायच्या, गुलामही यायचे. त्याच्या नावावर एक मत आहे की ज्या तत्त्वज्ञानाने माणसाचं दुःख हलकं होत नाही ते पोकळ, जसं रोग न घालवणारं औषध.

आपल्या बाजूला बुद्धाचंही तेच. राहुलला, म्हणजे स्वतःच्या पोराला, खोटं बोलण्याबद्दल दिलेला एक उपदेश आहे. बुद्ध पाय धुवायच्या भांड्यात थोडंसं पाणी ठेवतो, ते दाखवतो, मग ओतून टाकतो, मग भांडं पालथं करतो, आणि दरवेळी सांगतो की ज्याला जाणूनबुजून खोटं बोलायची लाज वाटत नाही त्याचं साधुत्व असं, एवढंसं, सांडलेलं, पालथं. मग विचारतो, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का. बस्स. यात निर्वाणाची व्याख्या नाही, आत्मा आहे की नाही याची चर्चा नाही. आणि हा उपदेश काही आडबाजूचा नव्हे, राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धर्मवचनांची यादी दिलीय त्यात हा नावानिशी आहे, आणि भिक्षू-भिक्षुणींबरोबर घरसंसारातल्या बायका-पुरुषांनीही ही वचनं वारंवार ऐकावीत असं तो म्हणतो. म्हणजे संसारी माणसासाठी अभ्यासक्रम काढायचं काम इ.स.पू. तिसऱ्या शतकातच झालं होतं.

पण या सगळ्याचं बारीक चित्र हवं असेल तर रोमला जावं लागतं, कारण तिथल्या लोकांच्या खाजगी सवयी लिहिलेल्या सापडतात. सेनेका, नीरो बादशहाचा गुरू, अफाट श्रीमंत (आणि त्यावरून त्याला तेव्हाही लोक टोमणे मारायचे), रागावर लिहिलेल्या पुस्तकात सांगतो की रात्री दिवा गेला आणि बायको, जिला ही सवय माहीत आहे, ती गप्प झाली की मी सगळा दिवस तपासतो, स्वतःपासून काही लपवत नाही. आणि उदाहरणं काय देतो तर, अमक्या वादात तू जरा जास्तच चढून बोललास, जे शिकायला तयार नाहीत त्यांच्याशी यापुढे वाद घालू नकोस. तमक्याला तू फटकळपणे सुनावलंस, त्याने तो सुधारला नाही, दुखावला मात्र. आज ऑफिसातून आल्यावर डोक्यात घुमतं तेच सगळं! ही सवय त्याने सेक्स्टियस नावाच्या आणखी जुन्या माणसाकडून घेतलेली होती. इ.स. 65 मध्ये नीरोच्या हुकुमाने सेनेकाला जीव द्यावा लागला.

मग एपिक्टेटस. गुलाम म्हणून जन्मलेला, पायाने अधू, पुढे सुटका झाली आणि डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन याने शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही, एरियन नावाच्या विद्यार्थ्याने नोट्स काढल्या, आणि त्यातूनच 53 छोट्या तुकड्यांचं एक पुस्तक केलं ज्याच्या ग्रीक नावाचा अर्थच हाताशी ठेवायची गोष्ट असा आहे. आपल्या हातात काय आणि नाही काय, ही जी वाटणी सगळीकडे फिरत असते ती या पुस्तकाची सुरुवात. पण मला जास्त आवडतो तो हमामखान्याचा तुकडा. तो म्हणतो, सार्वजनिक स्नानगृहात निघालास ना, मग आधी डोळ्यांपुढे आण तिथे काय काय होतं, लोक पाणी उडवणार, धक्के मारणार, शिव्या देणार, कोणीतरी कपडे चोरणार. आणि मनाशी म्हण, मला आंघोळ करायचीय आणि डोकंही ठिकाणावर ठेवायचंय. दोन्ही. म्हणजे तिथे काही झालंच तर निदान आठवेल की नुसती आंघोळ करायला आलो नव्हतो.

हाच माणूस पोपटपंचीवर इतका वैतागलेला होता की म्हणाला, मेंढ्या काही किती गवत खाल्लं हे धनगराला ओकून दाखवत नाहीत, आतल्या आत पचवतात आणि बाहेर लोकर देतात, दूध देतात. म्हणजे नुसती वाक्यं फॉरवर्ड करणारे तेव्हाही होते.

मार्कस ऑरेलियस त्याच्या नंतरचा, इ.स. 161 ते 180 बादशहा, आणि एपिक्टेटसच्या त्या नोट्स त्याने वाचलेल्या होत्या. गुलामाचं शिक्षण बादशहाने घेतलं, असं इतिहासात कमीच वेळा होतं. त्याची टिपणं बारा भागांत आहेत, त्यातली काही चक्क लढाईच्या छावणीत लिहिलेली, आणि एका ठिकाणी तो सकाळी अंथरुणातून उठायला जिवावर येतं म्हणून स्वतःशीच भांडतोय, की मी माणसाचं काम करायला उठतोय, की पांघरुणात ऊब घेत पडायलाच जन्मलोय? आणि स्वतःच उत्तर देतो, पण हे जास्त छान वाटतं ना! जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला अलार्मचा प्रॉब्लेम होता एवढं कळलं तरी बरं वाटतं.

यानंतरचा काळ भराभर सांगतो. युरोपात हे सराव ख्रिस्ती मठांनी उचलले, एपिक्टेटसचं पुस्तक साधूंसाठी बदलून घेतलं गेलं, एका आवृत्तीत तर सॉक्रेटिसच्या जागी संत पॉल आला. मग बाराव्या-तेराव्या शतकात विद्यापीठं उभी राहिली, तिथे तत्त्वज्ञान हा विषय झाला, परीक्षा झाली, आणि जगण्याचा भाग मठात राहिला. पिएर हादो या फ्रेंच अभ्यासकाने 1981 च्या पुस्तकात ही ताटातूट नीट मांडली, आत्ताच्या स्टोइक लाटेमागे त्याचा मोठा हात आहे.

आपल्याकडे भिंत भाषेची होती. गीता संस्कृतात, आणि तिच्यात अर्जुनाची तक्रार अगदी तुमच्या-आमच्यासारखी, की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, त्यावर उत्तर मिळतं अभ्यासाने आणि वैराग्याने. अभ्यास म्हणजे पाठांतर नव्हे, पुन्हा पुन्हा करणं. ते मराठीत आणलं ज्ञानेश्वरांनी, 1290 मध्ये, आणि प्रपंच नेटका करा मग परमार्थाचं बघा हे रामदासांचं सांगणं तर बोलण्यात म्हणीसारखं येतं. त्यामुळे रोजच्या जगण्यात अध्यात्म ही काही नवी टूम आहे असं मराठी माणसाने तरी म्हणू नये.

मधलाच एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा थिबा राजा पदच्युत केला आणि त्याला आणून ठेवलं रत्नागिरीला, तो 1916 मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी 1908 मध्ये पाठवलं त्याच राजाच्या राजधानीला, मंडालेला! तिथे तुरुंगात टिळकांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं, 1915 मध्ये छापून आलं, आणि त्यातला सगळा जोर कर्मावर, संन्यासावर नाही. तिकडे राजा गेल्यावर ब्रह्मी लोकांना वाटलं आता धर्माला वाली कोण, आणि लेडी सयाडो नावाच्या भिक्षूने ध्यान आणि अवघड धर्मग्रंथ साध्या भाषेत संसारी लोकांना शिकवायला घेतलं. म्हणजे एकाच साम्राज्याच्या दणक्याने दोन्हीकडे तत्त्वज्ञान बंद खोलीतून बाहेर आलं. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

लेडी सयाडोंचा एक शिष्य शेतकरी होता, साया थेटजी, आणि त्याचा शिष्य ऊ बा खिन हा सरकारी हिशेबनीस, 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा अकाउंटंट जनरल झाला. या साहेबाने आपल्या ऑफिसातच स्टाफला विपश्यना शिकवायला सुरुवात केली. त्याच्याकडे 1955 मध्ये सत्यनारायण गोयंका हे उद्योगपती आले ते मायग्रेनसाठी, आणि गोयंकाच पुढे सांगायचे की ऊ बा खिन आधी नाहीच म्हणाले, नुसतं डोकं दुखतं म्हणून येऊ नका, ते बरं झालं तर बोनस समजा. गोयंका 1969 मध्ये भारतात आले, 1976 पासून इगतपुरीला केंद्र सुरू झालं. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबात-झिनने जुनाट दुखण्याच्या पेशंटना काही आठवड्यांचा ध्यानाचा कोर्स द्यायला सुरुवात केली आणि हॉस्पिटलला चालावं म्हणून धार्मिक चौकट मुद्दाम बाजूला ठेवली. माइंडफुलनेस म्हणून आज जे चालतं ते बरंचसं इथून आलेलं.

ओसरीवाल्यांचंही तसंच झालं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 मध्ये स्वतःची थेरपी सुरू केली आणि उघड सांगितलं की मूळ कल्पना एपिक्टेटसची, माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनेबद्दलची समजूत देते. एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञानेही डिप्रेशनवरच्या 1979 च्या पुस्तकात स्टोइकांचं ऋण मान्य केलं. आणि जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकन वैमानिक, 1965 मध्ये व्हिएतनामवर विमान पडलं, पाय मोडला, सात वर्षांहून जास्त कैदेत काढली, आणि तिथे एपिक्टेटसच कामाला आला असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

आता तक्रारीकडे परत येतो, कारण ती अगदीच खोटी नाही. रोजच्या वापराने काही बिघडलं नाही, बिघडलं ते वाटेत काय काय गळलं त्याने. गोयंकांच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिल्यांदा शील घ्यावं लागतं, चोरी नाही, खोटं नाही, हिंसा नाही, मगच श्वासाकडे बघायचं. कंपनीतल्या तासाभराच्या माइंडफुलनेस सेशनमध्ये ते नसतं, राहुलच्या भांड्याची गोष्ट तिथे कोण सांगणार! मार्कसच्या टिपणांत पानोपानी इतरांशी कसं वागायचं हे आहे, आपल्याकडे आलं फक्त स्वतःला कणखर कसं बनवायचं. आणि सेनेकाचा तो रात्रीचा हिशेब फारसा कोणी करत नाही, मीही सलग दोन आठवड्यांच्या वर टिकलेलो नाही, तिसऱ्या दिवशीच स्वतःला सवलती द्यायला लागतो, आज दमलोय, उद्या दोन दिवसांचा एकदम करू.

एक सांगायचं राहिलंच. आजच्या तुर्कस्तानात ओइनोआंडा नावाचं एक डोंगरी गाव होतं, तिथल्या डायोजेनिस नावाच्या म्हाताऱ्याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एपिक्युरसची शिकवण एका ओसरीच्या भिंतीवर कोरून घेतली, भिंत 80 मीटरच्या आसपास, मजकूर 25,000 शब्दांचा असावा असा अंदाज आहे. कारणही त्याने तिथेच कोरलंय, की लोक चुकीच्या समजुतींनी साथीच्या रोगासारखे आजारी पडलेत, मेंढरांसारखा एकाचा दुसऱ्याला लागतोय, माझं आता वय झालं, एकेकाला भेटून सांगणं होणार नाही, म्हणून औषध भर रस्त्यात लावून ठेवतोय, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, परक्यांसाठी, आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा. पुढे कधीतरी ती ओसरी पाडली गेली आणि दगड दुसऱ्या बांधकामांना वापरले गेले. 1884 मध्ये फ्रेंच संशोधकांना पहिले तुकडे सापडले, आजवर 300 च्या आसपास मिळालेत, बाकीची भिंत अजून तिथेच कुठेतरी मातीखाली आणि दुसऱ्यांच्या भिंतींमध्ये आहे.