रासायनिक संपर्क आणि रोग : कार्यकारणसंबंधाची सिद्धता

एखाद्या रसायनाच्या संपर्कामुळेच माणसाला अमुक रोग झाला, असे पुराव्यानिशी ठरवण्याची प्रक्रिया. साथरोगशास्त्र, विषशास्त्र, व्यवसायजन्य रोगांचे वैद्यक आणि कायदा या सर्वांना तिची गरज पडते. जंतुजन्य आजारात रोग्याच्या शरीरात जंतू सापडला की बरेचसे काम होते. रसायनांचे तसे नाही. संपर्क आणि रोग यांच्यामध्ये वीस-तीस वर्षे जाऊ शकतात, तोवर रसायन शरीरातून निघूनही गेलेले असते. माणसांना मुद्दाम विष देऊन पाहण्याचा मार्ग अर्थातच बंद आहे. त्यामुळे जे घडून गेले त्यातूनच कारण शोधावे लागते.

लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. डांबर चोपडून सशांच्या कानांवर कर्करोग निर्माण करणे यामागिवा आणि इचिकावा यांना जपानमध्ये १९१५ च्या सुमारास जमले. डांबरातील बेंझोपायरीन हा घटक वेगळा काढला गेला तो त्यानंतर, १९३० च्या दशकात. म्हणजे नेमका रेणू हाती यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. पण धुराडी साफ करणाऱ्या मुलांना काजळीपासून दूर ठेवायला त्या रेणूचे नाव ठाऊक असण्याची काहीच गरज नव्हती. या विषयात ही गोष्ट पुन्हा पुन्हा विसरली गेली आहे.

रोग दुर्मीळ असेल तर कारण लवकर सापडते. बॉस्टनमध्ये पंधरा ते बावीस वर्षांच्या आठ मुलींना योनिमार्गाचा कर्करोग झाला. एरवी हा रोग उतारवयातला. एका मुलीच्या आईनेच डॉक्टरांना विचारले, की गरोदरपणी घेतलेल्या औषधाचा तर हा परिणाम नसेल? प्रत्येक रुग्ण मुलीमागे चार निरोगी मुली घेऊन तुलना झाली. आठपैकी सात मातांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक घेतले होते. तुलनेच्या बत्तीस मातांपैकी एकीनेही नाही. १९७१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एवढ्या लहान अभ्यासातून इतके ठाम उत्तर क्वचितच मिळते. व्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनते ते रसायन) आणि यकृताचा अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा दुर्मीळ कर्करोग) हा संबंधही १९७४ मध्ये एकाच कारखान्यातल्या मोजक्या कामगारांवरून उघड झाला.

रोग सर्रास आढळणारा असला, की खरी अडचण सुरू होते. रसायन हाताळणारे कामगार धूम्रपानही जास्त करत असतील, तर दोष कोणाचा? नोकरीवर मुळात धडधाकट माणसे घेतली जातात, त्यामुळे सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना केली की धोक्याचा कारखानाही निर्धोक दिसू शकतो. संपर्क किती होता हे आठवणीवर विसंबून ठरवले, तर आजारी माणसाला निरोगी माणसापेक्षा अधिक आठवते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये अशा पुराव्याकडे पाहण्याचे नऊ दृष्टिकोन मांडले : संबंध किती प्रबळ आहे, वेगवेगळ्या ठिकाणी तोच दिसतो का, मात्रा वाढली की रोग वाढतो का, इत्यादी. यांपैकी कारण रोगाच्या आधी असणे एवढेच अपरिहार्य. हे नऊ मुद्दे परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखे वापरणे हिल यांना मान्य नव्हते. तरी ते तसे सर्रास वापरले जातात.

प्राण्यांवरील प्रयोगांची मदत होते, पण ती बिनचूक नसते. आर्सेनिकमुळे माणसांना कर्करोग होतो हे कळल्यावरही प्राण्यांत तो दाखवणे दीर्घकाळ जमले नव्हते. थॅलिडोमाइड या गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या औषधाचा गर्भावरील परिणाम उंदरांमध्ये माणसाइतका दिसत नाही.

समूहाबाबत कारण सिद्ध झाले तरी एका व्यक्तीचा प्रश्न सुटत नाही. अॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज हाताळणाऱ्याला मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा, सहसा अॅस्बेस्टॉसमुळेच होणारा कर्करोग) झाला तर शंकेला फारशी जागा उरत नाही. त्याच माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि तो सिगारेटही ओढत असेल, तर त्याची गाठ पाहून दोन्ही कारणांची वाटणी करता येत नाही. भरपाईचे दावे इथेच अडतात.

पुराव्याची वाट पाहण्याची किंमत किती मोठी असते, हे जपानमधील मिनामाता या किनारी गावाने दाखवले. १९५६ मध्ये तिथे मज्जासंस्थेचा अनोळखी विकार नोंदला गेला. हात थरथरत, बोलणे अडखळे, नजर आकसत जाई. मांजरे झटके येऊन मरत. उपसागरातील मासे खाण्याशी याचा संबंध आहे, हे वर्षभरात स्पष्ट झाले होते. पण माशांत नेमके काय, यावर वाद चालला. मँगॅनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकेक संशयित पुढे आले. उपसागरात सांडपाणी सोडणाऱ्या तिथल्या रासायनिक कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये ते सांडपाणी मांजराला खाण्यातून दिले. चारशे क्रमांकाच्या त्या मांजरात तीच लक्षणे उमटली. तो निष्कर्ष दडपला गेला. सरकारने सांडपाण्यातील मिथिल पारा (पाऱ्याचे एक विषारी संयुग) हे कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये.

त्या भागात जन्मतःच हा विकार असलेली मुलेही होती. मातेच्या पोटात गर्भ सुरक्षित असतो, असा तेव्हाचा समज होता. जपानी कुटुंबे बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. त्या जपलेल्या नाळा पुढे तपासल्या गेल्या आणि त्यांत मिथिल पाऱ्याचे वाढलेले प्रमाण आढळले.